पाठीवर घेतलेला दादा

पत्र मोठं आहे. लिहिणाऱ्या ताईंच्या परवानगीने थोडक्यात देते.

"माझा मुलगा सिकलसेलचा पेशंट होता. गेल्या डिसेंबरात गेला. सोळा वर्षांचा होता. धाकटी अकरा वर्षांची, सहावीत आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा तिच्या बाईंनी तिला एक इंग्रजी कादंबरी दिली, 'द ब्रदर्स लायनहार्ट'. त्यात दोघं भाऊ असतात आणि मोठा मरतो. हिने ती चारदा वाचली. रात्री पांघरुणात टॉर्च लावून शेवटची पानंच वाचत बसते. रडत मात्र नाही. परवा मी पुस्तक उघडलं तर सुरुवातीलाच एका ओळीखाली पेन्सिलची रेघ. धाकटा म्हणतो की दादाऐवजी मी मेलो असतो तर बरं झालं असतं, असं सगळ्यांना वाटतं. माझे हातपाय गळाले. सासूबाई म्हणतात, 'असलं मरणाचं पुस्तक काहून वाचू देतं तू पोरीले? फेक तिकडे.' हे म्हणतात, घरात विषयच नको, विसरेल हळूहळू. (बोन मॅरोसाठी हिचीही टेस्ट केली होती, पण जुळलं नाही.) दादाच्या मोबाइलचा पॅटर्न फक्त हिला माहीत आहे आणि ती तो सांगत नाही. आता तान्हा पोळा आला. दादाचा लाकडी बैल हिने माळ्यावरून काढलाय, त्याचं एक चाक निखळलंय. तिला दोन्ही बैल न्यायचेत. सासूबाई म्हणतात, वर्ष झालं नाही, सण कसला. मी पुस्तक काढून घेऊ का?"
— एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई,

पुस्तक काढून घेऊ नका. पण तिला ते एकटीला वाचूही देऊ नका. सासूबाई चुकतात असं मी म्हणणार नाही. त्यांना जी भीती वाटते ती खरीच आहे, त्यावरचा इलाज तेवढा मला पटत नाही. त्याबद्दल पुढे बोलते.

आधी कंसातल्या वाक्याबद्दल. अख्ख्या पत्रात तेवढंच एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, जाता जाता सांगितल्यासारखं. मला वाटतं, तुमच्या मुलीचं सगळं दुखणं त्या कंसात आहे.

तिच्या जागी बसून बघा. दादाला सिकलसेल आहे, आईबाबांकडून येणारा रक्ताचा आजार. थंडी पडली की त्याचे हातपाय दुखतात, उन्हाळ्यात घरातला प्रत्येक माणूस त्याला "पाणी पी, पाणी पी" करतो, अधूनमधून ॲडमिट करावं लागतं. मग एक दिवस डॉक्टर सांगतात की सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला मगज, जुळला तर हा बरा होऊ शकतो. आणि घरात सख्खं भावंड एकच, ती. तिचं रक्त घेतात, किंवा गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात. घरचे सगळे तिच्याकडे आशेने बघतात. मग रिपोर्ट येतो. "जुळलं नाही." आपण मोठी माणसं म्हणतो, रिपोर्ट निगेटिव्ह आला. नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या कानात तेच वाक्य पडतं ते "तू जुळली नाहीस" असं. त्यानंतर दादा गेला. त्या दिवसापासून घरात कोणी त्याचं नावसुद्धा काढलेलं नाही. त्या मौनाचा अर्थ तिने काय लावला असेल?

आता ती कादंबरी. मी ती वाचलेली आहे, आणि तुमच्या पत्रानंतर पुन्हा काढून वाचली. ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेची, 1973 सालची. धाकटा कार्ल आजारी, खोकत पडून असतो. तो फार जगणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोठा जोनाथन देखणा, शूर, सगळ्यांचा लाडका. घराला आग लागते तेव्हा जोनाथन धाकट्याला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी मारतो. धाकटा वाचतो, मोठा जातो. तुम्ही पाहिलेली रेघ इथे आहे. गावातली माणसं हळहळतात आणि पोराला कळतं की लोकांच्या हिशेबात चुकीचा भाऊ गेला. तुमच्या घरात गोष्ट उलटी घडली, आजारी होता तो मोठा आणि धडधाकट ती धाकटी. पण "मी उरले" या शब्दांचं ओझं दोन्हीकडे सारखंच. लेखिकेने ते एका ओळीत, काही झाकपाक न करता लिहिलंय. तुमच्या मुलीने आठ महिन्यांत ते शब्द कुठेच ऐकले नव्हते. ते तिला छापलेले सापडले, म्हणून तिने खाली रेघ मारली. आपण नाही का, वर्तमानपत्रात आपल्या गल्लीचं नाव आलं की बोट ठेवून पुन्हा वाचत?

तुमच्या सासूबाईंना न वाचताच ज्याचा वास आलाय ते आहे शेवटच्या पानांत. पुढे हे दोघे भाऊ नांगियाला नावाच्या दुसऱ्या जगात भेटतात, तिथे जुलमी राजाशी लढतात, आणि शेवटी मोठा भाऊ एका ड्रॅगनच्या आगीने लुळा पडतो. तिथून सुटका एकच, आणखी पलीकडच्या जगात जायचं. त्यासाठी कड्यावरून उडी मारायची. या वेळी भित्रा, लहानगा कार्ल दादाला पाठीवर घेतो आणि उडी मारतो. पुस्तक तिथे संपतं. याच शेवटावरून स्वीडनमध्ये तेव्हा बरीच टीका झाली होती. मुलांच्या हातात हे द्यावं का, हा प्रश्न तिकडेही विचारला गेला. म्हणजे सासूबाई एकट्या नाहीत.

पण मानेवाड्याची एक पोर हीच पानं टॉर्च लावून चारदा का वाचते? पहिल्या उडीत दादाने धाकट्याला पाठीवर घेतलं. शेवटच्या उडीत धाकट्याने दादाला घेतलं. तिला नेमकं हेच करायचं होतं, ताई. तिने हात पुढे केला होता आणि लॅबने सांगितलं, नाही. पुस्तकातल्या लहानग्याला जे जमलं ते ती रात्री पुन्हा पुन्हा बघते, असा माझा अंदाज आहे. मी तिला भेटलेले नाही, तेव्हा तो चुकूही शकतो. पण एवढ्याचसाठी पुस्तक हिसकावलं तर तिला वाटेल, हेही मी चुकीचंच केलं.

तेव्हा सगळ्यात आधी ती टेस्ट तिला समजावून सांगा, नीट, कागद-पेन घेऊन. माणसाला या जुळणीचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बाबांकडून. आईकडे दोन, बाबांकडे दोन. प्रत्येक मुलाच्या वाट्याला कोणते येतील ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं. सख्ख्या भावंडांचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, म्हणजे बहुतेक वेळा जुळत नाहीच. त्यात ना तिच्या रक्ताचा दोष, ना तिने दादाशी केलेल्या भांडणाचा, ना "माझ्या चॉकलेटला हात लावू नकोस" म्हटल्याचा. हसू नका, मुलं असलेच हिशेब धरून बसतात. चिठ्ठ्या करूनच दाखवा. चार कागद, दोन आईचे, दोन बाबांचे. दादासाठी एक-एक काढा, पुन्हा घडी करून ठेवा आणि तिच्यासाठी काढा. आठ-दहा वेळा करा. किती वेळा जुळत नाही ते ती स्वतःच मोजेल. अकरा वर्षांच्या मुलीला "तुझी चूक नाही गं बाळा" या शंभर वाक्यांपेक्षा हे लवकर पटतं.

त्याच बैठकीत दुसरंही उरकून टाका. तिला स्वतःला काय आहे, हे तिला कधी सांगितलंय का? आई-बाबा दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नाही पण मुलांना देऊ शकतात असे, तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक, नुसतं वाहक असण्याची चारात दोन आणि काहीच नसण्याची चारात एक. तुमच्या घरात दादाच्या आजारपणात तिचीही तपासणी झालेली असणार. तो कागद तिला दाखवा. ती वाहक असेल तर सांगा की वाहकाला हा आजार नसतो, लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी तेवढी बघायची. आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, शाळेत तपासणीला माणसं येतात, आणि तरी ज्या घरातून एक मूल गेलं तिथल्या दुसऱ्या मुलाला "तुला नाही" एवढं साधं सांगायचं राहून जातं. पाय दुखला की तिच्या मनात काय येत असेल, विचार करा.

आता अवघड गोष्ट. तिला सरळ विचारा. तिच्याबरोबर शेवटची पानं वाचा. तुमचं इंग्रजी कच्चं असेल तर उत्तमच, तिला मराठीत सांगायला लावा. आणि मग, धुणं वाळत घालताना किंवा शेंगा सोलताना, डोळ्यांत डोळे न घालता विचारा: "तुला दादाकडे जावंसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का कधी?" विचारल्याने भलतं डोक्यात शिरेल ही भीती प्रत्येक आईला वाटते. तसं होत नाही. मनात असेल तर बाहेर यायला वाट मिळते, नसेल तर ती "काहीही काय आई" म्हणून मोकळी होते. "दादाची आठवण येते, तो भेटावा वाटतं" हे एक, आणि "मी जाणार आहे त्याच्याकडे" हे वेगळं. दुसरं ऐकलंत, किंवा ती आपल्या वस्तू वाटून टाकायला लागली, खाणं-झोप सुटली, शाळेत जाईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री 14416 वर, टेली मानसच्या लाइनवर, मराठीत बोलता येतं, फुकट. मदत मिळेपर्यंत तिला एकटं सोडू नका आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावा. हे सगळं घडेलच असं नाही. पण त्या शेवटाचं पुस्तक आणि ती रेघ एकाच घरात असताना मी हे न लिहिणं बरोबर नव्हतं.

रडत नाही, त्याची मात्र फार काळजी नको. मुलं आपल्यासारखी सलग दुःख करत नाहीत. पाच मिनिटं रडतात आणि लगेच विचारतात, आज जेवायला काय. आपल्याला ते निष्ठुर वाटतं. कधीकधी रडण्याच्या जागी नुसतं पोट दुखतं, रोज, शाळेच्या वेळेला.

मी नऊ वर्षांची असताना माझा मोठा भाऊ गेला, काविळीने. घर आलेल्या-गेलेल्यांनी भरलेलं. एक लांबच्या आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "देवाला चांगली माणसं आवडतात गं." मी ते शब्दशः धरलं. दुसऱ्या दिवसापासून मी वाईट वागायला लागले. डब्यातला गूळ चोरला, शेजारच्या मुलीची पाटी फोडली, आईला उलट उत्तरं दिली. देवाला आवडू नये म्हणून. आईने मला बदडलं, आणि मला बरं वाटलं, म्हटलं आता वाचलो. हे मी आईला सांगितलं ते चाळिशीत. तेव्हा "देवाघरी गेला", "झोपलाय", "गावाला गेला" यातलं तिच्यासमोर काही बोलू नका. मेला म्हणा. कठीण जातं, माहीत आहे. आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी "आता तूच आईबाबांचा मुलगा" म्हटलं तर तिच्यादेखत सांगा, "नाही हो, ती आमची मुलगीच आहे." दादाची जागा भरायची नोकरी तिला लावू नका.

तिच्या बाबांचं म्हणाल तर, विसरेल हळूहळू हे ते तिच्याबद्दल बोलत नसावेत.

मोबाइल. पॅटर्न मागू नका. 'पथेर पांचाली' पाहिलाय का, सत्यजित राय यांचा, 1955 चा? त्यात शेजारणीची माळ चोरल्याचा आळ दुर्गा नावाच्या मुलीवर येतो, ती शेवटपर्यंत नाही म्हणते. ती तापाने जाते. पुढे घर सोडताना तिच्या लहानग्या भावाला, अपूला, फळीवरच्या करवंटीत ती माळ सापडते. तो कोणाला काही सांगत नाही. पळत जाऊन तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ बाजूला होतं, माळ बुडते आणि शेवाळ परत मिटतं. बहिणीची चोरी त्याने आयुष्यभरासाठी झाकली. भावंडांचं आपसात असं काही असतं, जे आईबापांच्या मालकीचं नसतं. सोळा वर्षांच्या मुलाच्या फोनमध्ये काय असणार? चार शिव्या, एखादी मुलगी, मित्रांबरोबरचे व्हिडिओ. त्याला त्याची राखणदार मिळालीये. फोटो हवे असतील तर तिलाच म्हणा, "तुला वाटतील ते काढून दे." आठवड्याने देईल, नाहीतर वर्षाने.

बाईंचं कौतुक करावं की कान धरावा, कळत नाही. पुस्तक निवडलं ते फार जाणतं, पण शोकात असलेल्या मुलीला ते देताना घरी एक फोन करायला हवा होता. त्यांना भेटा, रेघेबद्दल सांगा. वर्गात तिच्यावर एक डोळा ठेवतील. हे पुस्तक संपल्यावर काय, असं तिनेच विचारलं तर शान्ता शेळक्यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी' घरात असू द्या. त्यातही एक बहीण जाते, पण उरलेल्या तिघी पुढची कितीतरी पानं जगतात, भांडतात, लग्नं करतात. त्या लायनहार्टमध्ये तेवढं नाही. औषधासारखं मात्र देऊ नका. आणि वाचून झाल्यावर "काय शिकलीस" हे तर चुकूनही विचारू नका.

राहिला तान्हा पोळा. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि घरची माणसं त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, थोडे पैसे, खाऊ. त्याच दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं शहर ओरडतं. वर्षाच्या आत सण करत नाहीत हे सासूबाईंचं म्हणणं मोडू नका. पुरणपोळी करू नका, तोरण लावू नका, नवीन कपडे नकोत. पण नातीने मेलेल्या भावाचा बैल सजवणं हा सण कुठे झाला? सासूबाईंना तसंच विचारून बघा. नातवाचा बैल माळ्यावर धूळ खात पडलेला त्यांनाही बघवत नसेल. फार घरं नकोत. तिलाच ठरवू द्या कुठली दोन. शेजारणीला आधी सांगून ठेवा की दोन बैल येतील, बोजारा दोन ठेवा, आणि "अरेरे" म्हणू नका. मारबतीला ती सिकलसेलचं नाव घेऊन ओरडली तर तिला गप्प करू नका. तुम्हीही ओरडा.

आणि ते चाक. फेव्हिकॉलने बसणार नाही, दोन घरांत पुन्हा निघेल. आसाच्या टोकाला मधोमध छिद्र पाडून वॉशर घालून खिळा मारावा लागतो. हे काम तिच्या बाबांना सांगा. रविवारी, तिला शेजारी बसवून. बैल तिने घट्ट धरायचा आणि त्यांनी ठोकायचं. तेवढ्या वेळात दोघांपैकी कोणी काही बोललं नाही तरी चालेल.